चारशे बारा सिनेमांचं कपाट

१२ जानेवारी

मामा,

सुखरूप पोचले. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं "हो, हो" म्हणतोस आणि ऐकू काहीच आलेलं नसतं. मेसेज केला तर उत्तरादाखल एक अंगठा येतो. म्हणून कागद घेतला.

चार दिवस मस्त गेले. आई गेल्यापासून इतकी गाढ झोप मला तुमच्याच घरी लागली. तरी दोन गोष्टी मनात राहिल्यात, त्या सांगून टाकते.

पहिली, ते कपाट. चारशे बारा डीव्हीडी, मी मोजल्या. त्या कपाटापायी बैठकीच्या खोलीचं दार अर्धंच उघडतं. दिवसभर सिनेमांची सबटायटल लिहून पोट भरणारी बाई मी. तुझ्याकडचे अर्धेअधिक सिनेमे आता घरबसल्या इंटरनेटवरून टीव्हीवर लावता येतात, हे मी तुला शपथेवर सांगते. त्यासाठीच तर टीव्हीला ती डबी जोडून दिली. आणि डिस्क काही अमर नसतात. सहा-सातांच्या कडेला तपकिरी डाग आलेत, बघ नीट. एक दिवस सगळ्या मुक्या होतील.

दुसरी गोष्ट जरा स्पष्टच बोलते. तू सिनेमाभर बडबडतोस! मामीच्या कानाशी लागून "आता तो जिना चढला, आता तिने पाकीट उशीखाली लपवलं." अरे, तिला दिसतंय की! ती बिचारी हूं का चूं करत नाही. चाळीस वर्षं सहन करतेय. जरा सुखाने बघू दे तिला.

रागावू नकोस.

तुझी ठमी


२१ जानेवारी

ठमे,

रागावलो नाही. हसलो. तुझं पत्र तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवलं, तीही हसली. बडबडीबद्दलचा परिच्छेद तिने दोनदा वाचायला लावला.

आता तुझ्या डबीची हकीकत ऐक. गुरुवारी एक सिनेमा लावला, अर्धा झाला, बाकीचा शुक्रवारी बघू म्हणून ठेवला. शुक्रवारी सिनेमा गायब. नावच नाही! मला वाटलं, मीच काहीतरी दाबलं. शेजारच्या शिक्षिकाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "काका, त्या सिनेमाची महिन्याची मुदत संपली असेल, काढून टाकला." म्हणजे नायक अजून इस्पितळातच आहे आणि त्याचं पुढे काय झालं हे आम्हाला या जन्मात कळायचं नाही. माझ्या कपाटातून आजवर एकही सिनेमा उठून गेलेला नाही.

शिवाय मामीला डिस्कच बऱ्या वाटतात. का ते विचारू नकोस, बायकांच्या आवडी.

डागांचं मात्र तुझं खरं आहे. माझं जुनं भिंग काढून पाहिलं. अकरा आहेत. दोन तर चालूच होईनात. कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल करून ठेवता येते म्हणतात, ती कशी करायची ते पायरी-पायरीने लिही. हातांना अजून कंप नाही, बारीक कामाची सवय आहे. आणि एक सांग, नकलेत डिस्कवरचं सगळं येतं ना?

मामा


३० जानेवारी

मामा,

वेगळ्या कागदावर चौदा पायऱ्या लिहिल्यात. तो कॉम्प्युटरपाशी चिकटव. सोबत पाठवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या सेटिंग करून दिल्यात. तू फक्त डिस्क घालायची, बटण दाबायचं आणि चहा पिऊन यायचं. हे फक्त आपल्या विकत घेतलेल्या डिस्कचं आणि आपल्या घरापुरतं हं, नाहीतर गल्लीभर वाटत सुटशील.

सगळं येतं का म्हणून विचारलंस. सगळं कशाला हवंय? एका डिस्कवर सिनेमा असतो, चार-पाच आवाज असतात, जाहिराती असतात. मी मूळ आवाज आणि तुझ्यासाठी सबटायटल एवढंच ठेवलंय, बाकीचं गाळलंय. म्हणजे जागा एक-चतुर्थांश लागते आणि चारशे बारा सिनेमे तुझ्या तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये मावतात. हार्ड डिस्क मात्र दोन घे. एकीवर सगळं ठेवून निवांत बसलेली माणसं नंतर रडताना मी पाहिलीत. दुसरी माझ्याकडे पाठव, मी सांभाळीन.

कॉपी झाली की ते कपाट एकदाचं रिकामं कर.

ठमी


२६ फेब्रुवारी

ठमे,

एकशे अठरा झाल्या! सकाळी आंघोळ उरकून बसतो, जेवणापर्यंत पाच-सहा होतात. चष्म्यांचं दुकान बंद केल्यापासून सकाळ इतकी कामात कधी गेली नव्हती. डाग पडलेल्यांपैकी नऊ वाचल्या. पातळ कपड्याने मधून कडेकडे पुसायच्या, गोल गोल नाही, हे मी तुला शिकवतो. काचा पुसण्यात आयुष्य गेलंय.

मामीची खुर्ची माझ्या शेजारीच असते. मी नाव वाचतो आणि ती तो सिनेमा आपण कधी, कुणाबरोबर पाहिला ते सांगते. तिची स्मरणशक्ती म्हणजे जुन्या टेलिफोन एक्सचेंजचीच, बरोबर तार जोडते.

आणि आता खूश हो. तुझ्या हुकुमाप्रमाणे कपाटाचे दोन खण रिकामे केले. झालेल्या एकशे अठराचं खोकं कोपऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेऊन दिलं. दुकानवाल्या बाईंना आनंद झाला. आता दार पाऊण उघडतं.

मामा


२० मार्च

मामा,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. हार्ड डिस्क बिघडली का? मामीला फोन केला तर "सगळं छान आहे गं" म्हणाली आणि लगेच माझ्या जेवणाखाणाची चौकशी करू लागली. ती विषय बदलते तेव्हा काहीतरी असतं.

आणि डिस्क देऊन टाकल्यास? अरे, कपाट रिकामं कर म्हणजे माळ्यावर टाक म्हणत होते मी! मूळ वस्तू आपल्याकडेच राहायला हवी ना. असो, झालं ते झालं.

तुझ्यासाठी सबटायटलची अक्षरं मोठी आणि पिवळी कशी करायची ते शोधून काढलंय. आता बघ, ती वाचण्यात तू इतका गुंगशील की बडबडायला सवड मिळणार नाही.

लिही काहीतरी.

ठमी


२४ मार्च

ठमाबाई,

हे पत्र मी स्वतः टाइप करतेय. तुझे मामा वाण्याकडे गेलेत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला असताना न बघता टाइप करायला शिकले, ते आता कामाला आलं. मध्येच बोटं एक घर सरकली तर समजून घे. मला तपासता येणार नाही.

तपासता येणार नाही, कारण मला वाचता येत नाही. दोन वर्षं झाली. डोळ्याच्या आत मागच्या पडद्याचा मधला भाग गेला. चष्म्याने सुधारण्यासारखं नाही, आणि आणखी वाढेल असंही नाही, तिथेच थांबलंय. मधोमध राखाडी ठिपका असतो आणि कडेकडेचं दिसतं. तू समोर उभी राहिलीस की मला तुझे कान दिसतात, चेहरा नाही. जानेवारीत तू केस कापलेस ते कळलं, पण वाळलीस हे मिठी मारली तेव्हा कळलं.

तुला सांगायचं नाही अशी शपथ मीच ह्यांना घातली होती. तुझी आई तेव्हा आजारी होती, आणि ती जाऊन अजून वर्ष होत नाही, तू आत्ता कुठे सावरत होतीस. घर मला पाठ आहे. तुला चार दिवसांत संशय आला नाही याचा मला गर्वसुद्धा वाटला. वेडेपणा, दुसरं काय.

तुला खटकलेली ती बडबड. ते माझे डोळे आहेत गं. त्यांना बोलणं ऐकू येत नाही, मला दिसत नाही. कुणी काय म्हटलं ते मी त्यांच्या बऱ्या कानात सांगते, कोण कुठे गेलं ते ते मला सांगतात.

पण आमच्या काही डिस्कवर एक जास्तीचा आवाज होता. एक बाई शांतपणे सांगत जाते, "तो खिडकीशी येतो. पडदा सारतो." माझ्यासारख्यांसाठीच मुद्दाम केलेला. तो लावला की हे सबटायटल वाचतात, मी त्या बाईचं ऐकते, आणि दोघंही खुशाल पाय पसरून बसतो. असे चव्वेचाळीस सिनेमे होते आमच्याकडे. तू जोडून दिलेल्या डबीवर तेच सिनेमे आहेत, पण त्या बाईशिवाय. म्हणून मला डिस्क "बऱ्या वाटतात".

नेमके ते चव्वेचाळीस ह्यांनी सगळ्यांत आधी उतरवले, माझे म्हणून. आणि मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी कॉपी लावली तर बाई बोलेचना. एकेक करून सगळ्या पाहिल्या. कशातच नाही. तू गाळलेल्या आवाजांत ती गेली. ह्यांना वाटलं होतं, गाळायचे म्हणजे परक्या भाषांचे.

दुकानात धावले तर शटर बंद, "महिनाभर बाहेरगावी" अशी पाटी. तेव्हापासून घरात शब्द नाही. मी म्हटलं, असू दे, तुम्ही आहात ना सांगायला. तर म्हणाले, "मी दमतो, त्या बाई दमत नाहीत." मला त्या डिस्कपेक्षा ह्यांचं गप्प बसणं जड जातंय. म्हणून शपथ मीच मोडली.

तुझी चूक नाही. तुला माहीतच नव्हतं.

मामी


२९ मार्च

मामी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि जिन्यात जाऊन रडले. तिसऱ्या परिच्छेदात बोटं खरंच एक घर सरकली होती. ती ओळ कळायला मला पाव तास लागला आणि त्या पाव तासातच जरा शांत झाले.

"तिला दिसतंय की!" असं लिहिलं होतं मी. आणि तुम्ही दोघं ते वाचून हसलात. कसे हसू शकलात गं?

मामाला सांग, चूक त्याची नाही. त्याने नीट विचारलं होतं, सगळं येतं ना म्हणून. आणि मी, जी दिवसभर बहिऱ्या माणसांसाठी काम करते, मला न दिसणाऱ्यांसाठीचा आवाज म्हणजे अडगळ वाटली. तो आवाज असतो हे मला माहीत होतं, मामी. फक्त तो कुणासाठी असतो याचा मी कधी विचारच केला नव्हता.

सहा तारखेला येतेय, दहा दिवस. रजा घेतली आहे. तोवर दुकान उघडेल तेव्हा मामाने दारातच उभं राहायचं.

ठमी


२ एप्रिल

ठमे,

उभा होतो. दुकानवाल्या बाई रिक्षातून उतरल्या ते माझ्या पुढ्यातच. "काका, इतक्या सकाळी?" म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेटी ठेवायच्या आधी खोकं ओढून काढलं. चव्वेचाळीसपैकी एकोणतीस तिथेच होत्या. पंधरा गेलेल्या.

बाईंनी जरा डोकं खाजवलं आणि म्हणाल्या, "नऊ एकाच माणसाने नेल्यात. शाळेच्या बसचा ड्रायव्हर." संध्याकाळी तो ड्रायव्हर नऊच्या नऊ घेऊन आमच्या दारात. "लगेच परत नकोत मला, कॉपी करून झाल्या की द्या" म्हणाला. मामीने त्याला बसवून घेतलं, एक लावून दाखवली. तो जास्तीचा आवाज ऐकून गडी थक्क. म्हणाला, "माझ्या आत्याला दिसत नाही. ती वीस वर्षं नुसती सिनेमाला पाठ करून बसते." मग त्या नऊ त्याच्याकडेच राहू द्यायच्या ठरवल्या. आमची कॉपी नको, आम्हाला हव्या तेव्हा तो आणून देईल. शब्दाचा पक्का वाटला.

सहा गेल्या त्या गेल्या.

आता तुला एक सांगतो, ते मामीलाही धड सांगितलेलं नाही. छत्तीस वर्षं मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवले. समोरचा मान किती तिरकी करतो त्यावरून मला कळायचं, नजर कुठे अडतेय. आणि माझ्या घरात ती दोन महिने मान तिरकी करून पेपर वाचत होती. मला वाटलं, उजेड कमी पडतोय. मी बल्ब बदलला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तरी फार फरक पडला नसता. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात की काय, कोण जाणे. त्यामुळे त्या सिनेमांतली बाई माझ्याकडून हरवली तेव्हा मला तो बल्बच आठवत राहिला.

ये लवकर. गादी उन्हात घातली आहे.

मामा


२५ एप्रिल

मामा, मामी,

घरी येऊन आठवडा झाला तरी कानात तुमचाच गोंधळ आहे. हार्ड डिस्क माझ्या कपड्यांच्या कपाटात, लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवली आहे. या वेळी सगळे आवाज आहेत, एकही गाळला नाही. जागा चौपट लागली तर लागली. उरलेल्या तू याच पद्धतीने कर, मामा, आणि डिस्क मुकाट्याने कपाटातच परत लाव. दार अर्धंच उघडू दे.

हरवलेल्या सहांसाठी मामाचं वर्णन रेकॉर्ड केलं ते पुन्हा ऐकतेय. मामा, तू धन्य आहेस. खलनायक पिस्तूल रोखून उभा आहे आणि तू सांगतोस, "चष्मा याच्या नाकावरून घसरतोय, दोन काचांमधला पूल रुंद आहे." मामी, या दोन वर्षांत तुला सगळ्या खलनायकांचे नंबर कळले असतील.

पण मी हसत हसत ऐकत होते तेव्हा लक्षात आलं, हे काम आहे. खरं काम. काल आमच्या साहेबबाईंकडे गेले. विचारलं, आपल्याकडच्या जुन्या सिनेमांना वर्णनाचा आवाज का नाही? त्या म्हणाल्या, "कुणी मागितला नाही." मी म्हटलं, मी मागतेय. त्या म्हणाल्या, "एक करून दाखव."

सिनेमा माझ्या गळ्यात पडलाय तो दोन रंगाऱ्यांचा. हॉटेल रंगवायला येतात आणि अख्खं हॉटेल खाली आणतात, तोच. तुमच्याकडे डिस्क आहे त्याची, वर्णनाशिवायची. त्यात अकरा मिनिटं कुणी अक्षर बोलत नाही. मामी, पहिला मसुदा माझ्या आवाजात पाठवतेय. ऐक आणि निर्दयपणे सांग.

ठमी


१४ मे

ठमाबाई,

निर्दयपणे सांगते.

तू फार बोलतेस. मामांची भाची शोभतेस. शिडी पडते तेव्हा शिडीचा आवाज मला येतोच, तो सांगू नकोस. शिडीवर कोण होतं ते सांग, आणि पडायच्या आधी सांग.

मालकीणबाई आत येते तिथे तू म्हणतेस, "ती खूप चिडलेली आहे." ते माझ्यावर सोड. ती हातमोजे काढते का? एकेक बोट ओढून काढते का? तेवढं सांग, चिडली की नाही ते मी ठरवीन. इतकी वर्षं फोनवर नुसत्या श्वासावरून माणसं ओळखली आहेत मी.

धाकट्या रंगाऱ्याला "तो" आणि थोरल्यालाही "तो" म्हणतेस. मला वाटलं, एकच माणूस स्वतःवर बादली ओततोय. तेही गमतीचंच होतं म्हणा.

आणि मध्ये मध्ये गप्प बस. मला हसायला जागा हवी.

इतक्या चुका काढल्या, पण खुर्चीवरून उठले नाही एकदाही. पुढचा मसुदा पाठव. बसचा ड्रायव्हर आत्यांना घेऊन रविवारी येतो, त्यांनाही ऐकवीन. त्या माझ्याहून कडक आहेत.

मामी


१९ ऑगस्ट

ठमे,

मामी म्हणते, तूच लिही, मी लिहिलं तर फुशारकी वाटेल. म्हणून मी.

तुझा सिनेमा काल लागला. शिक्षिकाबाईंनीच डबीवर शोधून दिला. आवाजाच्या यादीत "वर्णनासह" असं लिहून आलंय, मी दोनदा वाचून खात्री केली. शेवटी नावं येतात त्यात तुझं नाव आहे. ते मी मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाचा.

माझा तुझ्या डबीवर अजून विश्वास नाही. महिना संपल्यावर बघू. एकूण तीनशे सत्तर कॉपी झाल्या, बाकीच्या चालू आहेत. आत्याबाई चार नेऊन तीनच परत करतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

पण कालचं सांगायचं होतं ते असं. दोन वर्षांत हा रंगाऱ्यांचा सिनेमा आम्ही चार वेळा पाहिला होता. दर वेळी मी आधी हसायचो, मग मला हसू आवरून तिला सांगावं लागायचं की काय झालं, आणि मग ती हसायची. मला बरं वाटावं म्हणून हसतेय की काय, असं मनात यायचं. गमतीची गोष्ट समजावून सांगितली की ती निम्मी मरते, हे मला कळत होतं. दुसरा इलाज नव्हता.

काल मी काहीच बोललो नाही. तू बोलत होतीस म्हणे, मला काय ऐकू येणार! थोरला रंगारी मागे मागे सरकत मालकीणबाईच्या टेबलाशी आला, आणि मला फुटलंच. आणि त्याच क्षणी सोफा गदगदा हलायला लागला. मला वाटलं, मीच हलवतोय. वळून पाहिलं तर ती. पदर तोंडाशी, डोळ्यांतून पाणी, मान मागे टाकून हसतेय. मी काही सांगायच्या आधीच.

मग मी तिच्याकडेच बघत राहिलो. ती अकरा मिनिटं संपेपर्यंत मी सिनेमाकडे पाहिलंच नाही.

मामा